साखरेचा आजार आणि लांबची धाव



आम्ही भोरचे चौघे जण. पहाटे उठून भाटघरच्या रस्त्याला धावायला जातो. लोक हसतात. म्हणतात, "एसटी चुकली काय हो?" हसू द्या. आमच्यातल्या दोघांना मधुमेह आहे. आपण त्याला साखरेचा आजार म्हणतो. एक जण गोळ्या घेतो. दुसरा लहानपणापासून सुई टोचून इन्सुलिन घेतो. तरी आमचा पण आहे, की एकदा मॅरेथॉन पुरी करायची.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर धाव. भोरहून कापूरहोळवरून सुमारे कात्रजपर्यंत, एवढी! पुण्यात ती १९८३ सालापासून भरू लागली.

हे परक्यांचे खूळ नव्हे हं. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. तिथे शेतकरी गडी अनवाणी धावले. त्यांची धाव पाहून सर दोराबजी टाटांनी आपले खेळाडू ऑलिंपिकला पाठवायचे मनावर घेतले. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले बेल्जियम देशात मॅरेथॉन धावले. ते एकोणिसावे आले.

पण त्या साली आमच्या मित्रासारखा माणूस धावणे दूरच, फार दिवस जगतही नसे. इन्सुलिन हे औषधच नव्हते. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरी ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचले. तो मुलगा वाचला.

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. भातकापणीचे दिवस होते. मित्राने रोजच्यासारखे इन्सुलिन घेतले, आणि उशीर झाला म्हणून न खाताच निघाला. आठ किलोमीटर झाले. त्याचे पाय वेडेवाकडे पडू लागले. बोलणे जड झाले. रस्त्यावरचा एक जण म्हणाला, "सकाळीच लावली वाटतं!" खरे सांगायचे तर आम्हालाही वाटले, हा थट्टा करतोय. मग तो बांधावर मटकन बसला. अंगाला हात लावला, तर गार. दरदरून घाम. हात थरथरत होते. कापणीला निघालेल्या एका बाईंच्या शिदोरीत गूळ होता. तो शुद्धीवर होता, गिळत होता, म्हणून गूळ चारता आला. पाव तासाने त्याने विचारले, "आपण कुठं आलोय?"

घरी आई रडली. म्हणाली, "पुरे झालं तुझं पळणं." त्याने बूट माळ्यावर टाकले. आठ दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

शेवटी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "पळणे सोडू नका, पळण्याची रीत बदला." धावताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणूनच चालणे-पळणे या आजाराला चांगले. पण इन्सुलिनही साखर उतरवते. एका विहिरीवर दोन पंप लागले आणि झरा तेवढाच राहिला, तर विहीर कोरडी पडणारच! काही गोळ्यांनीही असेच होते. धावायच्या दिवशी औषध किती कमी करायचे, ते डॉक्टरांनी ठरवून दिले. आपल्या मनाने कमी-जास्त करायचे नाही.

आता तो निघण्याआधी बोटातून थेंबभर रक्त काढून यंत्रावर साखर बघतो. कमी असेल तर आधी खातो. अडीचशेच्या वर गेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळत नाही. वाटेत ती सत्तरच्या खाली गेली, किंवा कापरे भरले, की थांबायचे. तीन चमचे साखर खायची, पाव तास बसायचे, पुन्हा तपासायचे. लांब धाव झाली की साखर रात्री झोपेतही उतरते. म्हणून त्या दिवशी रात्रीही तो तपासून झोपतो. आईला हे आम्ही समोर बसवून समजावले.

आणि कोणी असा बेशुद्ध पडला, तर तोंडात पाणी घालू नका, साखरही कोंबू नका. श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि गाडी करून दवाखाना गाठा. दारू प्यालाय म्हणून सोडून जाऊ नका.

पायांचेही सांगायला हवे. १९१९ चे गडी अनवाणी धावले, त्यांना आमचा नमस्कार. पण या आजारात पाय बधिर होऊ शकतो. काटा मोडलेला कळत नाही, जखम चिघळते, पाय कापायची पाळी येते. आमचे दोघे मित्र धावून आले की पायरीवर बसून तळवे बघतात. गोळ्या घेणारा जरा पोटाने मोठा आहे. त्याला वाकवत नाही, म्हणून तो आरशात बघतो.

वर्षभरात आम्ही थोडे थोडे वाढवत एकवीस किलोमीटरवर आलो. आईने सदऱ्याला आतून खिसा शिवून दिला आहे. त्यात साखरेची पुडी असते. आईच ती रोज भरते.

येत्या रविवारी आम्ही फक्त तीन किलोमीटर चालणार आहोत, नवीन मंडळींसाठी. साखर असेल त्यांनी आधी दवाखान्यात विचारून या. पहाटे साडेपाचला एसटी स्टँडवर भेटू. काहीतरी खाऊन या.