गाडीची चकाकी : पॉलिश किती, मेण किती



इतिहास, साहित्य, अर्थकारण असे विषय सोडून आज गाडीच्या पॉलिशवर व्याख्यान ठेवलं, म्हणून काही भुवया वर गेल्या असतील. जाऊ द्या. बाहेर रस्त्यावर ज्या गाड्या लावून आपण आत आलात, त्यांचे हप्ते अजून चालू आहेत. त्यांच्या अंगावरच्या रंगाबद्दल तासभर बोलायला हरकत नसावी.

पत्र्यावर चार थर असतात. सगळ्यांत खाली गंजरोधक थर, गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला. त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यांत वर बिनरंगी पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. चारही मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे सकाळी आपण वाचतो त्या वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. ऊन अडवणारी रसायनं याच थरात मिसळलेली असतात आणि आपल्याला दिसणारी चकाकीही त्याचीच असते. हा थर गुळगुळीत असला की त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेला परततो आणि बॉनेटमध्ये समोरची इमारत दिसते. ओरखडे पडले की प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि गाडी पांढुरकी, थकलेली दिसू लागते.

आता पॉलिश आणि वॅक्स. दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात, विकणारा दोन्ही एकाच सुरात विकतो, पण कामं अगदी उलटी आहेत. पॉलिशमध्ये बारीक खरखरीत कण असतात. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणतात, म्हणजे ओरखडा भरत नाही, त्याच्या काठांची जमीन खचते. हलक्या पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात, रबिंग कंपाउंडने त्याहून जास्त. वॅक्स म्हणजे मेण. ते काही काढत नाही, वर एक पातळ पापुद्रा चढवतं. धूळ, पाणी, पक्ष्यांची घाण आधी त्या पापुद्र्याला लागते. थोडक्यात पॉलिश हा खर्च आहे आणि मेण हा विमा. आपल्याकडे मात्र दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश करून टाका’ म्हणायची पद्धत आहे. म्हणजे दर वेळी मुद्दलच काढायची.

ही पद्धत आली कुठून, याला इतिहास आहे. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात ब्रशने वॉर्निशचे हात मारत आणि ते वाळायला आठवडे लागत. 1923च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीने ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणलं आणि जनरल मोटर्सने ते ओकलंड गाडीच्या 1924च्या मॉडेलवर वापरलं. ते झटपट वाळे, रंगही हवे तसे मिळत; पण वाळल्यावर ते मंद दिसे आणि चकाकी हवी तर घासावंच लागे. त्या काळात घासणं हा रंगकामाचाच भाग होता. आपल्या गॅरेजमध्ये अजूनही ‘ड्युको मारून घ्या’ म्हणतात. पुढेही, पारदर्शक थर नसलेल्या जुन्या गाड्यांचा रंग उन्हाने वरून पीठ धरे. अँबॅसिडर किंवा पद्मिनी ज्यांनी घासली आहे त्यांना आठवत असेल, फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा. आजची गाडी कारखान्यातूनच चकाकत बाहेर येते. नवी कोरी गाडी घरी आणण्याआधी तिला पॉलिश करून घ्यायचा आग्रह कुणी धरला तर सरळ नको म्हणा.

मग आजच्या गाडीवर ओरखडे पडतात कसे? उद्या सकाळी अकराच्या उन्हात बॉनेटसमोर उभे राहा आणि सूर्याचं प्रतिबिंब शोधा. त्याभोवती बारीक वर्तुळांचं जाळं दिसेल. वर्तुळं खरी नसतात. ओरखडे सगळ्या दिशांना सरळच पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढे चमकतात, म्हणून गोल दिसतात. आपण जागा बदलली की जाळंही आपल्याबरोबर सरकतं. हे ओरखडे झाडाच्या फांदीने केलेले नसतात, शेजाऱ्याच्या मुलानेही नाही. ते फडक्याने केलेले असतात.

सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा माणूस येतो. एक बादली, एक फडकं, आणि ओळीने पाच-सहा गाड्या. पहिल्या गाडीचं बॉनेट पुसतानाच फडक्यात धूळ भरते. आपल्याकडच्या धुळीत दगडाची चूर असते, ती रंगापेक्षा कठीण. दुसऱ्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. फडकं हातातून जमिनीवर पडतं, तसंच उचलून टपावरून फिरतं. वर्षातून तीनशे वेळा हे झालं की पॉलिशवाल्याचं काम पक्कं. दोष त्या माणसाचा नाही. महिन्याला काही शे रुपये देऊन आपण त्याला फडकंही देत नाही. घरातला फाटका बनियन देतो आणि त्याच्या शिवणीनेही चरे पडतात हे विसरतो.

उपाय साधा आहे. आधी पाण्याचा नुसता मारा करून सुटी धूळ उतरवायची, मग फडकं टेकवायचं. बादल्या दोन ठेवायच्या, एकीत शांपू, दुसरीत फडकं खळखळून काढायला साधं पाणी. कपड्याची पावडर वापरू नका. ती तेलाबरोबर मेणही धुऊन नेते. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं तर कधीच नाही. रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी जास्त वर्षं चमकते. बोअरचं पाणी जड असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नका, क्षारांचे गोल डाग बसतात.

मेणाबद्दल दोन शब्द. चांगल्या वॅक्समध्ये कार्नौबा असतं. ब्राझीलच्या ईशान्येला, कोरड्या प्रदेशात, एक ताडाच्या जातीचं झाड आहे. पाण्याची वाफ होऊ नये म्हणून ते स्वतःच्या पानांवर मेण धरतं. पानं तोडून वाळवतात, झोडपतात आणि झडलेली पूड वितळवून गाळतात. हे मेण 82 ते 86 अंशांना वितळतं. मधमाशीचं मेण 62-64 अंशांनाच वितळतं, आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात काळ्या गाडीचं बॉनेट त्याच्याही पुढे जाऊ शकतं. म्हणून उष्ण मुलखातल्या झाडाचं मेण आपल्या कामाचं.

लावताना गाडी धुतलेली, सावलीत आणि पत्रा हाताला गार लागणारा हवा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटं फिरवा. खरखर जाणवली तर धुऊनही न निघालेली घाण चिकटलेली आहे, ती आधी क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, काढावी लागते. मेण अगदी पातळ लावा. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, पुसताना दंड मात्र दुखतात. काळ्या प्लॅस्टिकवर जाऊ देऊ नका, पांढरं पडतं. पांढुरकं वाळलं की मऊ मायक्रोफायबरने पुसा. हे मेण महिना-दोन महिने टिकतं, कृत्रिम सीलंट त्याहून जास्त. कधी संपलं ते पाणीच सांगतं : थेंब गोल उभे राहत नाहीत, पाणी पसरून बसतं.

पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असतं, उन्हात ती तासाभरातही रंग खाऊ शकते. ओला कागद दहा मिनिटं ठेवून उचलून घ्या, घासू नका. आणि मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावू नका. तुडतुड्यांचा चिकटा टपावर गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते.

एक चिठ्ठी आली आहे : सिरॅमिक कोटिंग करावं का? ऐपत असेल तर करा, मेणापेक्षा ते पुष्कळ टिकतं, धुणंही सोपं होतं. पण ‘9 एच’ म्हणजे हिऱ्याच्या जवळपास, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ही मोजपट्टी शिसपेन्सिलीची आहे. 9 एचच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, इतकाच अर्थ. दगडाच्या चुरीपुढे त्या कोटिंगचंही फारसं चालत नाही. आणि खालचे ओरखडे न काढता केलं, तर ते त्याखालीच बंदिस्त होतात.

पावसाळा तोंडावर आहे. येत्या रविवारी बॉनेटवर तांब्याभर पाणी ओता आणि ते थेंब धरतं की पसरतं ते पाहा. पसरलं तर मेणाचा एक हात द्या. कंपाउंड मात्र दोन-चार वर्षांतून एकदा, आणि जाणत्याच्या हातूनच. आणि त्याच दिवशी गाडी पुसणाऱ्या दादांना दुसरी बादली आणि चार चांगली फडकी घेऊन द्या. पॉलिशच्या एका खेपेहून ते नक्की स्वस्त पडेल.