सनद कपाटात ठेवताना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात मंडळाचे कार्यवाह माझ्या घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "यंदा आपल्यातील बऱ्याच मुलामुलींनी वकिलीची सनद घेतली आहे. त्यांपैकी दोघेजण सैन्याच्या कायदा विभागात जावयाचे म्हणतात. घरची मंडळी धास्तावली आहेत. आपण दोन शब्द बोलाल का?" मी होय म्हटले खरे, परंतु नंतर मनात आले की आपली धास्ती दूर करण्याचे काम माझे नव्हे. त्या धास्तीत काही तथ्य आहे आणि काही नाही. ते जसे आहे तसे सांगावे, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे. मी स्वतः सनद घेऊन दोन वर्षे जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढली, आणि नंतर सैन्यात गेलो. त्या वेळी माझ्या मातोश्रींनी विचारलेला प्रश्न आजही घरोघर विचारला जातो. "अरे, फौजेत वकिलाचे काय काम? तेथे तर हुकूम चालतो!"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी सनदेविषयी बोलतो. कारण पालकांचे मन तेथेच अडते. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणून सैन्यात रुजू होताना राज्याच्या बार कौन्सिलला कळवून वकिली स्थगित करावी लागते. पुष्कळांची समजूत अशी की सनद गेली, पाच वर्षांचे शिक्षण पाण्यात गेले. तसे नाही. सनद रद्द होत नाही, ती निजते. नोकरी संपल्यावर रीतसर अर्ज करून ती पुन्हा जागी करता येते. मी केली आहे. मात्र मधल्या काळात एकाही न्यायालयात वकील म्हणून उभे राहता येत नाही, आणि काळा कोट कपाटात टांगून ठेवताना मनाला जे होते ते होतेच.

आता प्रवेशाविषयी थोडेसे. कायद्याच्या पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत, बार कौन्सिलकडे नोंदणीस उमेदवार पात्र हवा, आणि वय २१ ते २७ च्या आत हवे. अलीकडे क्लॅट या परीक्षेचे पदव्युत्तर गुणही मागितले जातात. वयाची अट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या मुलाला सनद मिळेपर्यंत तेवीस वर्षे होतात. म्हणजे वकिलीत तीन-चार वर्षे रमावे आणि मग पाहू, असे म्हणणाऱ्याची वेळ पाहता पाहता निघून जाते. त्यानंतर पाच दिवसांची निवडचाचणी असते. तेथे कलमे कोणी विचारीत नाही. दहा अनोळखी माणसांबरोबर एक लाकडी फळी आणि एक दोर घेऊन कल्पित नाला ओलांडताना तुम्ही कसे वागता, हे पाहिले जाते. निवड झाली की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण. तेथे वकील म्हणून सवलत नाही. पाठीवर ओझे घेऊन इतरांइतकेच धावावे लागते. माझी बुद्धी त्या वर्षी पायांत उतरली होती, असे मी विनोदाने म्हणतो. उमेदवार अविवाहित असावा अशीही अट असू शकते. तेव्हा आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक शाखेला माझी विनंती अशी की, ज्यांच्या मुलांचा विचार इकडे आहे त्यांनी मुहूर्त पाहण्यापूर्वी सैन्याची जाहिरात पाहावी.

भगिनींनी लक्ष द्यावे अशीही एक गोष्ट आहे. या विभागात स्त्रियांना प्रवेश गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मिळाला आणि २००८ साली कायम कमिशनचा मार्ग खुला झाला. परंतु जागा पुरुषांना अधिक आणि स्त्रियांना कमी अशा वाटून दिल्या जात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी घटनाबाह्य ठरविली. गुणांच्या यादीत वर असूनही केवळ मुलगी म्हणून मागे राहण्याचा प्रसंग आता येऊ नये.

असो. मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळतो. सैन्यात हुकूम चालतो हे खरे. पण शिक्षा हुकमाने देता येत नाही. त्यासाठी १९५० चा आर्मी ॲक्ट आहे, १९५४ चे नियम आहेत. मोठ्या गुन्ह्यासाठी जनरल कोर्ट मार्शल बसते. त्यात निदान पाच अधिकारी असतात. ते कायदेपंडित नसतात. कोणी तोफखान्याचा, कोणी पायदळाचा. त्यांच्याजवळ कायदा सांगण्यास आमच्या विभागाचा अधिकारी बसतो. त्याला जज ॲडव्होकेट म्हणतात. नावात जज असले तरी त्याला मत नाही, आणि ॲडव्होकेट असले तरी तो कोणत्याच बाजूचा नाही. कोणता पुरावा ग्राह्य, कोणता त्याज्य, आरोपाचे घटक कोणते, हे त्याने निःपक्षपातीपणे सांगावयाचे आणि निर्णय त्या पाचांवर सोपवावयाचा. तेथील एक पद्धत मला फार आवडे. मते घेताना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून आरंभ करतात, म्हणजे वरिष्ठाचे मत ऐकून कनिष्ठाची जीभ अडखळू नये. समसमान मते पडली तर त्याचा लाभ आरोपीस. जज ॲडव्होकेट स्वतः आरोपीहून कनिष्ठ पदाचा असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. पदाचा दबाव कोठे कोठे शिरू शकतो, याची जाण त्यामागे आहे.

हा झाला दरबारी भाग. परंतु या विभागातील अधिकाऱ्याचे बहुतेक आयुष्य टेबलापाशी जाते. खटला चालवावा की नाही याविषयी सेनाधिकाऱ्यास लेखी सल्ला देणे, आणि चालून गेलेल्या खटल्यांचे कागद तपासणे, ही त्याची रोजची कामे. याच टेबलावर मजकडून घडलेली एक चूक आज मी सांगणार आहे. ती सांगितल्यावाचून या नोकरीत वकिलाचे काय काम, हे समजणार नाही.

समरी कोर्ट मार्शल नावाचा एक प्रकार आहे. त्यात पलटणीचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे हजर असतात, पण त्यांना मत नसते. आरोपी जवानाला एक मित्र घेता येतो. त्या मित्राने कानात सल्ला द्यावा, न्यायालयापुढे बोलू नये, असा नियम. वकील नाही. शिक्षा मात्र बडतर्फीची आणि कैदेचीही होऊ शकते. ते कागद मग वरच्या मुख्यालयात येतात. म्हणजे त्या जवानाच्या वाट्याला कायदा शिकलेल्या माणसाची नजर येते ती तेथे, आणि बहुधा एकदाच.

मी नवा कॅप्टन होतो. शनिवारची दुपार होती, टेबलावर अकरा फायली होत्या. त्यांतील एक डोंगराळ मुलुखातील जवानाची. नोकरी चौदा वर्षांची. आरोप असा की रजा संपून एक्केचाळीस दिवस उशिरा हजर झाला. आरोपीने गुन्हा कबूल केलेला, शिक्षा बडतर्फी. सह्या जागच्या जागी, तारखा बरोबर. मी लिहिले, "कार्यवाही नियमास धरून आहे." खाली सही केली आणि पुढची फाईल ओढली.

काही महिन्यांनी त्याच जवानाचा अर्ज आला. कोणा शाळामास्तराच्या अक्षरात लिहिलेला, सोबत तार केल्याची पोस्टाची पावती. मी जुने कागद पुन्हा काढले. गुन्हा कबूल केल्यानंतर शिक्षेविषयी काही सांगावयाचे आहे काय, असे त्याला विचारण्यात आले होते, आणि त्याचे उत्तर चार ओळींत नोंदलेले होते. वडील अत्यवस्थ होते, घरात दुसरा पुरुष नाही, दरड कोसळून रस्ता बंद झाला, मी तार केली होती.

कायद्यातील शब्द असे आहेत की 'पुरेशा कारणावाचून' रजेपेक्षा जास्त राहणे हा गुन्हा. ज्याच्याजवळ कारण आहे त्याने कबुली दिली, याचा अर्थ आपण काय कबूल करीत आहोत हे त्याला समजलेलेच नव्हते. उशिरा आलो हे खरे, एवढेच त्याला ठाऊक. अशा वेळी न्यायालयाने कबुली बाजूला ठेवून पुरावा घ्यावयास हवा, असे नियमांतच आहे. त्या चार ओळी शनिवारी दुपारीही तेथेच होत्या. मी त्या वाचल्या होत्या की नाही, हे मला आजही नक्की आठवत नाही. आणि हीच गोष्ट मला अधिक टोचते. जिल्हा न्यायालयात अशिलाचे कागद असते तर मी असे केले असते काय? तेथे अशील समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत असे. येथे अशील नव्हता, केवळ एक क्रमांक होता.

मी माझ्या वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी फाईल चाळली आणि विचारले, "तू कागद तपासलेस, की कागदावरच्या सह्या?" मग एवढेच म्हणाले, "आता काय लिहिणार?" मी नवे टिपण लिहिले, माझे पूर्वीचे मत चुकीचे होते, असे पहिल्याच वाक्यात लिहिले. ही कबुली देताना बढतीचा विचार मनात आला नाही, असे मी म्हणणार नाही. ज्या पलटणीतून फाईल आली होती तेथूनही नाराजीचा सूर आला. परंतु बेकायदा किंवा अन्याय्य कार्यवाही रद्द करण्याचा अधिकार कायद्याने वर ठेवलेला आहे, आणि ती रद्द झाली. जवान परत आला. पेन्शनसाठी त्याला पंधरा वर्षे हवी होती, ती त्याने पुरी केली. पण मधल्या वर्षभरात त्याने घरचे बैल विकले होते. वडील तर रजेतच गेले होते.

त्या काळी अशा माणसाला रीतसर अपील नव्हते. सैनिकी न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची एकही पायरी नसावी, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली खंत व्यक्त केली होती. तरीही कायदा होण्यास २००७ साल उजाडले आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झाले. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. आज तेथे वकील उभे राहतात आणि आमच्या जुन्या टिपणांवर बोट ठेवतात. ठेवावेच.

कोणी विचारील की वरिष्ठ अधिकाऱ्याला 'नाही' म्हणता येते काय? येते, पण तोंडी नव्हे, लेखी म्हणावे. एकदा एका अधिकाऱ्यांनी मला सांगितले, "हे करता येईल का, असे मी विचारलेले नाही, कसे करावे ते सांगा." मी पुरावा अपुरा का आहे ते दोन पाने लिहून दिले. सल्ला मानणे न मानणे त्यांच्या अधिकारातले होते. चार दिवस ते बोलले नाहीत. पाचव्या दिवशी खटला चालविण्याचा विचार सोडल्याचे कळले.

आता पोटापाण्याचे. आरंभीचे कमिशन दहा वर्षांचे, ते चार वर्षे वाढू शकते. कायम कमिशन सर्वांनाच मिळते असे नाही. न मिळाल्यास उपदान मिळते, पेन्शन नाही. आणि चाळिशीच्या सुमारास पुन्हा न्यायालयात, आपल्याहून वयाने लहान पण वकिलीने जुन्या मंडळींत उभे राहावे लागते. हे मुलाने आणि सूनबाईंनीही आधीच समजून घ्यावे. बदल्या होतात, मुलांच्या शाळा बदलतात. कधी नशीब असेल तर पुण्याला दक्षिण कमानीच्या मुख्यालयात नेमणूक होते, आणि विभागाची लष्करी कायदा संस्था नागपूरजवळ कामठीलाच असल्यामुळे शिक्षणासाठी विदर्भाचे दर्शन घडते. एरवी घर दूरच.

ज्या दोघांमुळे हे भाषण झाले ते समोर बसले आहेत, असे कार्यवाहांनी मला सांगितले आहे. मी दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात असतो. येताना जन्माचा दाखला, गुणपत्रिका आणि जाहिरातीची प्रत घेऊन यावे, वडिलांनाही आणावे. मजजवळ त्या जवानाच्या फाईलवरील माझ्या दोन्ही टिपणांचा मजकूर माझ्या हस्ताक्षरात उतरवून ठेवलेला आहे, नाव-क्रमांक गाळून. तो आधी वाचावयास देईन, मग अर्ज भरू.