नाली बुजवण्याआधी

(धंतोली, नागपूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



धंतोली आपल्याला दोनच कामांसाठी माहीत. घरचे माणूस आजारी पडले की इथल्या दवाखान्यात यायचे, आणि अधिवेशन भरले की यशवंत स्टेडियमवर मोर्च्याला जमायचे. आज तिसऱ्याच कामाला बसलो आहोत. कपाशीच्या भावाचे सोडून हे गॅसच्या नळीचे काय घेऊन बसले, असे काहींना वाटेल. पण नळी आपल्या दारात आली आहे.

वावरातून जाणारी मोठी वाहिनी पोलादाची असते. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी तशीच. 1962 च्या कायद्याप्रमाणे जमीन आपली राहते, सरकार फक्त नळीचा हक्क घेते, आणि त्या हक्काची भरपाई बाजारभावाच्या 10 टक्के. वर विहीर नाही, झाड नाही, घर नाही. त्या दहा टक्क्यांचे भांडण आपण सोडलेले नाही, पण आज ते बाजूला ठेवू. आज बोलायचे ते प्लास्टिकच्या नळीबद्दल. शहरात ती रस्त्याखालून घरोघरी जाते, आणि आपल्याकडे गोबरगॅसच्या प्लँटपासून चुलीपर्यंत.

शहरातल्या नळीत गॅसचा दाब 4 बारपर्यंत असतो. गॅस सोडण्याआधी तिच्यात त्याच्या दीडपट, म्हणजे 6 बार हवा भरून ठेवतात. ट्रकच्या टायरच्या भाषेत सुमारे 87 पाउंड. मग काटा पाहत थांबायचे. इथेच लबाडी आणि गैरसमज दोन्ही शिरतात. दुपारी 45 अंशांवर 6 बार भरली आणि पहाटे नळी 25 अंशांवर आली, तर एक टाचणीएवढेही भोक नसताना काटा साडेपाचच्या आसपास उतरतो. हवा थंड झाली की आकसते. उलट पहाटे भरून दुपारी पाहिले तर खरी गळतीसुद्धा झाकली जाते. शिवाय प्लास्टिक दाबाखाली थोडे फुगते, त्यामुळे सुरुवातीला काटा उतरतोच. म्हणून वेळ आणि नळीचे तापमान लिहून ठेवले नसेल, तर नुसत्या काट्याच्या आकड्याला अर्थ नाही. कोणी कागद दाखवला तर आधी हे दोन आकडे विचारा.

आता आपल्या घरचे. तरंगत्या झाकणाच्या प्लँटमध्ये दाब असतो जेमतेम 10 सेंटिमीटर पाण्याइतका. दीनबंधूसारख्या पक्क्या घुमटात तो वरखाली होतो आणि बराच जास्त जातो. एवढ्याशा दाबाला काय तपासायचे, म्हणून आपण नाली बुजवून मोकळे होतो. आमच्यापैकी एकाने ओलिताच्या पाइपची नाली अशीच घाईने बुजवली आणि पुढे उभ्या पऱ्हाटीत तीनदा खोदली. पाणी निदान वर येऊन सांगते. गॅस जमिनीतून सरकत स्वयंपाकघरात आला तर कळते ते काडी ओढल्यावर.

गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या. ती इंग्रजी यू सारखी वाकवून भिंतीला बांधा, अर्धी पाण्याने भरा आणि एक टोक गॅसच्या नळीला जोडा. प्लँटकडचा आणि चुलीकडचा कॉक बंद. सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा, दोन्ही बाजूंच्या पाण्यात 60 सेंटिमीटर फरक पडेपर्यंत. तोंडाने फुंकू नका. श्वास गरम असतो, तो निवला की पाणी उतरते आणि उगाच गळती शोधत बसता. हे काम ऊन पडण्याआधी करा, नळीवर गोणपाट टाका. नळी एका अंशाने तापली तरी पाणी तीनेक सेंटिमीटर हलते. पाणी खरेच उतरत असेल तर सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडा दिसेल. काडी लावून गळती पाहणारे अजून आहेत, त्यांना बायामाणसांनीच आवरावे.

एक मात्र बजावून सांगतो. ओलिताच्या पीव्हीसी पाइपात कंप्रेसरची हवा कधी भरू नका. पाण्याने पाइप फुटला तर दाब तिथेच मरतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी सुटते आणि पीव्हीसीचे तुकडे अंगात घुसतात. तो पाइप पाण्यानेच तपासायचा.

आणि आपली काळी माती विसरू नका. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. पुरलेली नळी दरवर्षी ओढली जाते, सांधे आधी सुटतात. नळीभोवती वाळू किंवा बारीक मुरूम टाका, उतार द्या म्हणजे गॅसमधले पाणी एका जागी काढता येईल, आणि सांध्यांच्या जागा चाचणी होईपर्यंत उघड्या ठेवा. तरी ही चाचणी त्या दिवसापुरतीच. आंध्रात नगरम गावी 27 जून 2014 रोजी फुटली ती पोलादी वाहिनी चालू होती, आणि वीसच्या वर माणसे गेली. म्हणून लेव्हलची नळी घरात ठेवा आणि दर उन्हाळ्यानंतर पुन्हा जोडून पाहा.

जेवणानंतर मागच्या अंगणात तीस फूट नळी मांडून ठेवली आहे. एका सांध्याला मुद्दाम गळती ठेवली आहे. कोणता ते आम्ही सांगणार नाही.