नकाशा, गाव आणि जाणकार



शासनाने आराखडा जाहीर करावा, हरकती व सूचना मागवाव्यात आणि मुदत सरताच तो मंजूर व्हावा, हा आपल्याकडील परिपाठ. हरकत आली नाही म्हणजे लोकांची संमती होती, असे मानले जाते. वास्तविक पुष्कळांना नकाशाच वाचता आलेला नसतो.

या दृष्टीने गोमंतकातील प्रादेशिक आराखड्याचे प्रकरण मननीय आहे. २०११ सालापर्यंतचा आराखडा ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. शेती, बागायती व डोंगरउतार वसाहतीत घातल्याचे ध्यानी येताच त्याच वर्षाअखेर ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले, आणि २००७ च्या आरंभी सरकारला माघार घ्यावी लागली. पुढील ‘आराखडा २०२१’ च्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. त्याचा मसुदा मात्र गावोगावच्या पंचायतींपुढे गेला.

येथे जाणकाराचे खरे काम सुरू होते. ‘पंचवीस टक्के उतार’ म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात पंचवीस मीटर चढ, हे तो सांगतो. मग गावकरी आपणच बोट दाखवून तसा डोंगर सांगतात. उलट खाजन जमिनीचे मर्म शेतकऱ्यालाच अधिक ठाऊक. बांध कोठे खचतो, मानशीची दारे भरती-ओहोटीच्या पाण्याने कशी मिटतात व उघडतात, हे नकाशावरील एका रंगपट्टीत मावत नाही. ती जमीन भरावाने बुजविली, तर पाणी शेजारच्या वाड्यात शिरणार. हे त्याचे ज्ञान सर्व्हे नंबरासह कागदावर उतरवून देणे, ही तज्ज्ञाची सेवा होय. गावाच्या वतीने कौल देणे हे मात्र त्याचे काम नव्हे. शिवाय आपले मानधन कोण देतो, हेही त्याने सभेत आधीच सांगावे. ही अपेक्षा काहींना कठोर वाटेल, पण विश्वास तेथूनच जुळतो.

२०१२ मध्ये सत्तांतरानंतर हा आराखडाही स्थगित झाला. ती स्थगिती उठण्यास पुढे काही वर्षे जावी लागली. एवढ्या काळात सभेला बसलेली माणसे पांगतात, लेखी हरकत तेवढी उरते.

ग्रंथालयांना यात सहज करता येण्याजोगे काम आहे. मुदत चालू असेतो नकाशाची एक प्रत वाचनकक्षातील मेजावर उघडी असावी, आणि सायंकाळी तासभर एखादा निवृत्त अभियंता तेथे बसलेला असावा.