विमानतळापासून मुक्कामापर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला हा विषय दिला तेव्हा आपल्यापैकी दोघी-तिघी हसल्या, हे मी पाहिले आहे. वर्धापनदिनाला 'स्त्री आणि समाज' असा काही भारदस्त विषय असावा, अशी आपली समजूत. परंतु मिहानच्या कडेला राहणाऱ्या आपल्या घरांची आता अर्धीअधिक धर्मशाळा झालेली आहे. पुण्याची जाऊ, बंगळूरचा भाचा, मुंबईची मैत्रीण, जो तो ताडोबा नाहीतर पेंच पाहावयास निघतो, आणि विमानाचे तिकीट काढून झाल्यावर आपल्याला फोन करतो, "तुम्ही तिथेच राहता ना? मग विमानतळावरून हॉटेलात कसे जायचे तेवढे सांगा." त्या उत्तरावर त्यांची निम्मी सुटी अवलंबून असते, आणि वाटेत काही कमी-जास्त झाले तर जबाबदारीही आपल्याच गळ्यात पडते. म्हणून विषय वाटतो तितका हलका नाही.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. आपल्या सोनेगावच्या विमानतळावर १९४९ साली रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमाने निघत, मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत पोहोचत. १९७३ पर्यंत हा क्रम चालला. त्या उतारूंना नागपुरात मुक्काम करावयाचाच नव्हता. येथे विमान बदलले की झाले. पुढे २००२ साली विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, मिहानची आखणी झाली, २००५ साली विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. आज उतारू येथे खरोखर उतरतो, आणि सामान घेऊन दाराबाहेर आल्यावर मग विचारात पडतो.

माझे पहिले सांगणे असे की, हा विचार दाराबाहेर करावयाचा नाही. तो तिकीट काढतानाच करावा. आणि तो करताना भाड्याचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आधी तीन गोष्टी विचाराव्यात : विमान किती वाजता उतरते, बरोबर कोण कोण आहे, आणि हॉटेल नेमके कोठे आहे.

यातली तिसरी गोष्ट सोपी वाटते, पण सर्वांत जास्त घोटाळा तेथेच होतो. पाहुणे म्हणतात, "आम्ही ताडोब्याला उतरणार." अहो, ताडोबा म्हणजे काही एक गाव नव्हे! जंगलाला निरनिराळ्या दिशांनी दरवाजे आहेत. मोहर्लीच्या दरवाजाकडे जावयाचे तर वर्धा रस्त्याने बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती करीत चंद्रपूरच्या बाजूने जातात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. कोलाऱ्याच्या दरवाजाजवळ हॉटेल असेल तर रस्ताच वेगळा, उमरेड, भिसी, चिमूर असा. आणि अंतरही बरेच कमी. दोहोंच्या मध्ये जंगल आहे. चुकीच्या दरवाजाला पोहोचलेल्या मोटारीला मोठा वळसा घालून यावे लागते, आणि तोवर दुपारची सफारी हुकलेली असते. म्हणून पाहुण्यांना हॉटेलचे नाव विचारू नका, दरवाजाचे नाव विचारा. आणि हो, ताडोबा मंगळवारी बंद असतो, हेही सांगून ठेवा. पुष्कळ लोक सोमवारी रात्री धावतपळत पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचीत बसतात. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचे जंगल बंदच असते.

पेंचचीही तीच कथा. सिल्लारी आणि खुर्सापार हे दरवाजे आपल्या महाराष्ट्रात; तुरिया मध्यप्रदेशात, शिवनी जिल्ह्यात. सिल्लारी सत्तरेक किलोमीटर, तुरिया नव्वदेक. मिहान शहराच्या दक्षिणेला आणि पेंच उत्तरेला, तेव्हा विमानतळावरून निघालेल्या मोटारीला सगळे नागपूर ओलांडावे लागते, नाहीतर बाहेरच्या वळणरस्त्याने जावे लागते. संध्याकाळी सहाला उतरलेल्या पाहुण्याला हे सांगितले पाहिजे, नाहीतर तो नकाशावरचे किलोमीटर मोजून जेवणाची वेळ ठरवितो. तुरियाला जाताना खवासाजवळ राज्याची हद्द लागते. मोटारीकडे पलीकडच्या राज्यात जाण्याचा परवाना आहे की नाही, हे आधी विचारावे. सीमेवर ड्रायव्हर कर भरण्यासाठी उतरला आणि मुले मागे भुकेने रडू लागली, असे सुटीचे पहिले दर्शन कोणास हवे?

शहरातच उतरावयाचे असेल तर गोष्ट बरीच सोपी आहे. वर्धा रस्त्यावरील हॉटेले तर विमानतळाच्या अंगणातच म्हणावीत. सीताबर्डी किंवा रेल्वे स्टेशनाकडे जावयाचे असल्यास मेट्रो आहे. खापरी ते सीताबर्डी ही मार्गिका मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. भाडे टॅक्सीच्या मानाने फारच थोडे. पण दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. एक म्हणजे स्थानक वर्धा रस्त्यावर आहे, विमानतळाच्या दारात नाही. मधला तुकडा पार करावा लागतो. हातात एक पिशवी असलेल्या तरुण मुलीला तो काहीच नाही, परंतु दोन मोठ्या पेट्या, कडेवर मूल आणि मे महिन्यातली दुपार असेल तर तोच तुकडा डोंगराएवढा होतो. नागपूरचा मे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुसरे म्हणजे 'एअरपोर्ट', 'एअरपोर्ट साउथ' आणि 'न्यू एअरपोर्ट' अशी तीन स्थानके आहेत. परतताना पाहुणे नावाला फसून भलतीकडे उतरतात. त्यांना नुसते 'एअरपोर्ट' असे लिहून द्यावे. रात्री उशिरा आणि अगदी पहाटे उतरणाऱ्यांनी मेट्रोचा विचार सोडून द्यावा.

मात्र जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी मेट्रोसारखे दुसरे वाहन नाही. वर्धा रस्ता त्या दिवशी मोटारींनी कसा तुंबतो, हे आपण खिडकीतून पाहतोच. आणि त्या दिवशी मोहर्लीकडे निघालेल्या पाहुण्याला तर मी एकतर सकाळीच निघा नाहीतर सामना सुरू झाल्यावर निघा, असे सांगते; कारण त्याचा रस्ता मैदानावरूनच जातो. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांतही मोटारी मिळणे कठीण जाते आणि भाडी वर चढतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हाही शहरातले रस्ते बदललेले असतात. या तारखा बाहेरगावच्या माणसास ठाऊक नसतात. त्या सांगणे आपले काम.

आता मी रात्रीच्या प्रवासाबद्दल बोलते, कारण खरी काळजी तिथे आहे.

गेल्या वर्षी माझ्या नणंदबाई, लेक, जावई आणि दोन नातवंडांसह आल्या. वन्संचे वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाचे दुखणे. विमान रात्री पावणेदहाला उतरणार, हॉटेल मोहर्लीजवळ, आणि जावईबापूंनी दुसऱ्या दिवशी पहाटेची सफारी आधीच ठरवून पैसे भरलेले. त्यांचे म्हणणे, रातोरात निघू, एक-दीडपर्यंत पोहोचू, दोन तास झोपू आणि जंगलात जाऊ. मी फोनवर स्पष्ट सांगितले की, हे वन्संना झेपणार नाही. तीन दिवस आमची बोलणी चालली. जावईबापू म्हणाले, "मामी, पैसे फुकट जातील." मी म्हटले, "बापू, पैसे जातील ते मोजता येतील." शेवटी वन्संनीच निकाल दिला. त्या म्हणाल्या, "मला वाघ नाही दिसला तरी चालेल, पण मला रात्रभर ट्रकच्या उजेडात बसवू नका." तेव्हा असे ठरले की, लेक-जावई आणि थोरला नातू हॉटेलच्या मोटारीने रात्रीच जातील. हॉटेलची मोटार महाग, परंतु ड्रायव्हर त्याच रस्त्याचा, रोजचा. वन्सं आणि धाकटी नात वर्धा रस्त्यावरच्या हॉटेलात रात्र काढतील आणि सकाळी मी त्यांना दुसऱ्या मोटारीने घेऊन जाईन. दोन मोटारींचा खर्च झाला, आणि त्याबद्दल जावईबापू अजूनही कुरकुरतात. पण वन्संनी सकाळी तर्री-पोहे खाल्ले, वाटेत दोनदा थांबलो, आणि दुपारच्या सफारीला त्या सर्वांत आधी जीपमध्ये चढून बसल्या होत्या. विमानातून उतरताना त्यांना चाकांची खुर्ची मिळाली, तीही विमान कंपनीला आधीच कळविले होते म्हणून.

एकट्या बाईने रात्री उतरावयाचे असेल तर अधिक जपावे लागते. आपल्याच गल्लीत येणाऱ्या एक बाई मागल्या हिवाळ्यात एकट्या उतरल्या. हॉटेलची मोटार येणार होती. हॉटेलचे नाव मी घेत नाही. बाई उत्साहाने सामान घेऊन बाहेर आल्या, मोटारीचा पत्ता नाही. फोन केला की उत्तर एकच, "ड्रायव्हर निघालाय." पन्नास मिनिटे! बरे, एकदा बाहेर पडल्यावर पहारेकरी तिकिटाशिवाय पुन्हा आत सोडीत नाहीत. अखेर त्यांनी मला फोन केला, आम्ही दोघे स्कूटरने गेलो आणि त्यांना घरी आणले. म्हणून मी प्रत्येकीला सांगते : ड्रायव्हरचा स्वतःचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय आतल्या हॉलमधून पाय बाहेर टाकू नका. आत उजेड असतो, माणसे असतात, पाणी आणि स्वच्छतागृह असते. मोटारीचा क्रमांक आधी मागून घ्या, तो घरच्यांना कळवा, आणि बसण्यापूर्वी पाटीवरचा क्रमांक वाचून पाहा. भाड्याच्या मोटारीची पाटी पिवळी असते आणि अक्षरे काळी. विजेवरची असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याची मोठी भानगड होते. आणि ११२ हा क्रमांक पाठ असावा.

मोबाईलवरून बोलावण्याची टॅक्सी शहरात चांगली उपयोगी पडते, भाडेही आधी दिसते. पण जंगलाकडे जाणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवू नये. जाताना ती एखादे वेळी मिळेलही; परतताना कोलाऱ्याच्या किंवा सिल्लारीच्या रानात ती कोठून यावी? म्हणून जाण्याची आणि येण्याची मोटार एकदमच ठरवावी. भाडे विचारताना नुसते 'किती?' असे विचारू नये. टोल त्यात धरला आहे का, रिकाम्या परतीचे पैसे कोणी द्यावयाचे, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता किती, दिवसाला किमान किती किलोमीटर मोजणार, हे सर्व विचारून कागदावर लिहून घ्यावे. जिचा आकडा आधी कमी वाटतो, तिचाच शेवटी जास्त होतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

घासाघीस अवश्य करा. ती तर आपली विद्याच आहे! परंतु एक सांगते. वन्संना घेऊन मी गेले त्या मोटारीचा ड्रायव्हर शिवणगावचा. मिहानसाठी आणि विमानतळासाठी शिवणगाव, चिंचभवन, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव अशा कितीतरी गावांच्या जमिनी गेल्या, हे आपण जाणतोच. विमानतळाच्या कुंपणाजवळून जाताना त्याने बोट दाखविले आणि म्हणाला, "माह्या बापाचं वावर तिकडं होतं, काकू. तूर लावत होतो आमी." पुढे तो काही बोलला नाही आणि मलाही काही सुचले नाही. हॉटेलात पोहोचल्यावर मी व्यवस्थापकांना पहिला प्रश्न विचारला तो ड्रायव्हरच्या झोपण्याच्या जागेचा. पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हर मोटारीतच डासांत झोपतात, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याला परत घेऊन येणार असतो. खोली ठरविताना हा प्रश्न आपण विचारला तर जागा निघते. न विचारल्यास निघत नाही.

परतीचे तेवढे सांगावयाचे राहिले. दुपारची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपते. त्यानंतर हॉटेलात येणे, सामान बांधणे, आणि मोहर्लीहून तीन तासांचा रस्ता. तेव्हा त्याच रात्रीच्या विमानाचे तिकीट कोणी काढू नये. पाहुण्यांनी काढले असेल तर बदलून घ्यावयास सांगा, आणि ते शक्य नसेल तर दुपारची सफारी सोडून जेवण होताच निघा. संत्र्याची बर्फी घ्यावयाची असल्यास ती जातानाच घेऊन आपल्याकडे ठेवावी. येताना थांबावयास कधीच वेळ उरत नाही, आणि बर्फीची पेटी घेऊन विमानतळावर धावावयाचे काम मग आपल्याकडे येते.