थर कशावर ठेवला आहे?





ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीचा एकच थर. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने तो ग्राफाइटपासून सोलून काढला; २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा थर प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतो. तरीही सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन ऑक्साइडवर ठेवला की साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातही तो ओळखू येतो.

गंमत अशी, की ज्या ऑक्साइडने ग्राफीन दाखवले, त्यानेच त्याचे गुण झाकलेही. हे झाकणे सहज कळत नाही, कारण तुकड्याच्या कडांना जोडण्या देऊन मोजलेला रोध ही सगळ्या तुकड्याची गोळाबेरीज असते. २००८ मध्ये सिंगल-इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर थरावरून फिरवून जागोजागी मोजणी झाली, तेव्हा एकूण उदासीन असलेल्या थरात कुठे इलेक्ट्रॉनांची, तर कुठे होलांची डबकी सापडली. ऑक्साइडऐवजी बोरॉन नायट्राइडच्या सपाट स्फटिकावर तोच थर ठेवल्यावर हे चढउतार खूपच कमी झाले.

थर दुसऱ्या ग्राफीनवर ठेवला, तरी जागोजागी पाहावेच लागते. २०१८ मध्ये एमआयटीत ग्राफीनचे दोन थर एकमेकांशी सुमारे १.१ अंशांचा कोन करून ठेवले गेले आणि १.७ केल्विनपर्यंत अतिवाहकता दिसली. असा कोन पूर्ण तुकड्यात क्वचितच एकसारखा असतो. कुठे किती, हे सूक्ष्मदर्शकच सांगतो.

अर्थात सूक्ष्मदर्शकाचे चित्रही जपूनच वाचावे लागते. बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिचजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत घडवलेला स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक सुईचे टोक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये वाहणारा प्रवाह टिपतो. त्यात पृष्ठभागाची उंची आणि इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांची घनता एकत्र मिसळलेली असते. दिसलेला उंचवटा खरोखर उंचवटाच आहे, असे लगेच म्हणता येत नाही.

म्हणून या परिषदेचा यजमान या नात्याने वक्त्यांना एक विनंती करतो. प्रत्येक चित्रासोबत थर कशावर होता, तापमान किती होते आणि टोकाला किती व्होल्टेज दिले होते, हे अवश्य सांगा. विद्यार्थ्यांनो, कोणी सांगायला विसरले, तर संकोच न करता विचारा.

व्यवस्थेत काही उणे राहिल्यास ते आमच्या पदरात टाका. चर्चेत मात्र कोणीही उणे ठेवू नये, ही आग्रहाची विनंती.