जबड्याची विश्रांती



व्याख्यात्याने जबडा हलवायचा आणि श्रोत्यांनी तो मिटून बसायचे, असा व्याख्यानमालेचा रिवाज आहे. तेव्हा आजचा विषय आपल्या दोघांच्याही तोंडचा आहे! राग आला की माणूस दातओठ खातो, भीतीने त्याची दातखीळ बसते. मनाचा ताण जबड्यात उतरतो हे आपल्या भाषेने केव्हाच ओळखले होते. वैद्यकाला मात्र जरा वळसा घ्यावा लागला.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड सावकाश उघडा. बोटाखाली जे सरकते ते जबड्याच्या सांध्याचे टोक. हा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो, मग पुढे घसरतो. मध्ये एक तंतुमय चकती असते. खालचा जबडा म्हणजे एकच हाड, म्हणून एक बाजू अडली की दुसरीचीही फरफट होते. दुखणे मात्र कधी कानात, कधी कानशिलात, कधी दाढेत जाणवते. मग रोगी दारोदार हिंडतो आणि प्रसंगी निरोगी दाढ गमावून बसतो.

१९३४ साली सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी या दुखण्याचा संबंध पडलेल्या दातांशी जोडला. पुढे कित्येक वर्षे दात घासून वा उंच करून ते दुरुस्त करण्याकडे कल राहिला. स्नायूंकडे लक्ष गेले ते हळूहळू. २०२३ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने जुनाट दुखण्यासाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, ताण देणे, हाताने सांधा मोकळा करणे आणि मनाचे उपचार यांचा जोरदार पुरस्कार आहे. चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला तितकाच ठाम नकार आहे.

हे व्यायाम दिसायला अगदी साधे. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवायचे आणि ते तसेच ठेवून तोंड हळूहळू उघडायचे. म्हणजे सांधा अकाली पुढे घसरत नाही. आरशात पाहून जबडा एका बाजूला ओढला जातो का, हे तपासायचे. गालाचे स्नायू ओल्या उष्णतेने शेकून चोळायचे. काही दिवस मऊ भात-खिचडी खावी आणि जांभई येताच हनुवटीला मुठीचा आधार द्यावा. नुसता आवाज होतो, दुखत नाही, तर घाबरण्याचे कारण नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. सुपारी-गुटख्याने तोंड आकसत असेल, जबड्याबरोबर छातीत कळ येत असेल, किंवा उतारवयात डोकेदुखीसह नजर मंदावत असेल, तर व्यायाम करीत बसू नये. तडक डॉक्टर गाठावा.

आता एकच विचारतो. या क्षणी आपले दात एकमेकांवर टेकले आहेत काय? घास चावताना आणि गिळताना सोडले, तर त्यांनी एकमेकांना शिवण्याचे कारण नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. माझे भाषण संपले. आता माझ्याही जबड्याला ती देतो.